साखळीची दोन टोके

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या सुखवस्तू वस्तीतून फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. पुढे तीस-पस्तीस किलो वजनाचा लॅब्रॅडॉर, नाहीतर त्याहून दांडगा रॉटवायलर; जीभ बाहेर, डोळे ताणलेले, घशातून घरघर. मागे साखळीचे दोन वेढे मनगटाला घेऊन, अंग मागे रेलून, टाचा रोवीत फरफटत चाललेला एक पोरगेलासा नोकर. कोण कोणाला फिरवीत आहे, असा विनोद करून येणारे-जाणारे पुढे सरकतात. विनोद जुना आहे आणि दृश्यात हसण्यासारखे फारसे काही नाही. समोरून शाळेत निघालेले पोर आले, गल्लीतली चार भटकी कुत्री अंगावर धावून आली किंवा एखादे मांजर आडवे गेले, की त्या साखळीच्या एका टोकाला काय होईल आणि दुसऱ्या टोकाला काय होईल, हे कोणालाच सांगता येत नाही.

मालकाच्या कानावर हा प्रकार गेला, की तो दुकानात जातो आणि अधिक मजबूत साखळी मागतो. दुकानदार तत्परतेने ती देतो. महिन्याभराने तीही कामी येत नाही, तेव्हा गळ्यात आवळणारी ‘चोक चेन’ येते. तीही थकली, की आतल्या बाजूला बोथट काटे असलेला पट्टा येतो. कुत्रा ओढतो तो साखळी कच्ची म्हणून नव्हे, एवढी साधी गोष्ट या खरेदी-विक्रीत दोघांच्याही लक्षात येत नाही. किंवा दुकानदाराच्या येत असेल, पण त्याने ती बोलून का दाखवावी?

या बाबतीत शहरातल्या श्वानप्रेमींपेक्षा खेड्यातला शेतकरी कितीतरी शहाणा म्हटला पाहिजे. बैलाकडून ओझे ओढून घ्यायचे असते तेव्हा तो त्याच्या मानेवर जू ठेवतो; बैलाला वळवायचे, थांबवायचे असते तेव्हा म्होरकीला किंवा वेसणीला बांधलेला कासरा हाती धरतो. जुवाला कासरा बांधून बैल आवरू पाहणारा शेतकरी अजून जन्माला आलेला नाही. जनावराचे बळ जेथे एकवटते तेथे दोर लावला तर ते ओढते, आणि जेथे त्याची दिशा ठरते तेथे लावला तर ते वळते, हे त्याला कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेले नसते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र नेमके उलटे चालते. छातीभोवती मऊ, रुंद पट्टे आणि पाठीवर कडी असा जो ‘हार्नेस’ हल्ली सर्रास दिसतो, तो कुत्र्याला आराम वाटावा म्हणून घेतला जातो. आराम वाटतो हे खरेच; पण कशासाठी? अलास्कातील बर्फावरून घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना असाच साज चढवलेला असतो. भार छातीवर आणि खांद्यांवर विभागला जावा, गळा मोकळा राहावा आणि दोर मागून जावा, अशीच त्याची रचना असते. म्हणजे ओढण्याची खोड मोडावी म्हणून मालकाने कुत्र्याला दिले ते जूच. तो अधिक जोमाने ओढू लागला, यात नवल ते काय? पॉमेरेनियनसारख्या लहानग्या, नाजूक श्वासनलिकेच्या कुत्र्याला हाच साज योग्य आहे, कारण तेथे गळा वाचवणे महत्त्वाचे आणि ओढाओढीची भीती नसते. रॉटवायलरच्या मालकाने शेजारच्या पॉमेरेनियनचे पाहून खरेदी करू नये, इतकेच.

गळ्यातल्या साखळीचा इतिहास जुना आहे आणि तो युद्धाच्या छावणीतून आलेला आहे. जर्मनीत कोनराड मोस्ट या अधिकाऱ्याने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्याचा पाया सक्ती हा होता. अमेरिकेत विल्यम कोहलर याचे १९६२ सालचे पुस्तक त्याच वाटेने गेले. पुढे १९८० मध्ये बीबीसीने बार्बरा वुडहाउस या बाईंची कुत्र्यांना शिकवण्याची मालिका दाखवली आणि चोक चेनचा खळखळाट घरोघरी पोहोचला. या साधनाची बाजू मांडणारे सांगतात, की ते आवळून ठेवायचे नसते. क्षणभर हिसका द्यायचा आणि लगेच सैल सोडायचे. हे तत्त्वतः ठीक आहे. पण ही साखळी घालण्याची एक सुलटी आणि एक उलटी पद्धत असते. उलटी घातली तर ती आवळते आणि आपणहून सैल होत नाही. कुत्रा डाव्या हाताला चालतो की उजव्या, यावर सुलटे-उलटे ठरते. हा बारकावा सांगितला कोणाला जातो? ज्याच्या हाती ती साखळी रोज सकाळी दिली जाते, त्याला तर नक्कीच नाही. शिवाय जो कुत्रा सतत ओढतच असतो त्याच्या बाबतीत क्षणाचा हिसका ही गोष्टच उरत नाही. उरतो तो अखंड फास.

कुत्र्याचा गळा म्हणजे काही बैलाची खांद्यावरची घट्टे पडलेली मान नव्हे. तेथून श्वासनलिका जाते, डोक्याकडून परतणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या जातात, अवटू ग्रंथी असते, आणि हे सारे कातडीखाली फारसे संरक्षण नसलेल्या जागी. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील पशुवैद्यांनी २००६ साली सव्वीस कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गळ्यातल्या पट्ट्यावर ताण दिला, की कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो. तोच ताण छातीवरच्या साजावर दिला तर वाढत नाही, असे त्यांना आढळले. काचबिंदूसारखा विकार असलेल्या कुत्र्याच्या दृष्टीने ही काही किरकोळ बाब नव्हे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये कृत्रिम मानेवर निरनिराळे पट्टे चढवून ताण मोजले. रुंद असो, मऊ अस्तराचा असो की साखळीचा असो, जोराने ओढल्यावर मानेला इजा होण्याचा धोका नाही असा एकही पट्टा त्यांना सापडला नाही. तेव्हा रुंद चामडी पट्टा आणला म्हणजे पाप फिटले, असे मानणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये.

काटेरी पट्ट्याची कथा तर उपरोधिक आहे. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टे घालतात. पण त्यांचे काटे बाहेरच्या बाजूला असतात. बिबट्या कुत्र्याच्या मानेवरच झेप घेतो, म्हणून मान वाचवण्याची ती तजवीज. शहरात आल्यावर काटे आत वळले. मेंढपाळाने जे साधन कुत्र्याच्या रक्षणासाठी वापरले, त्याची नक्कल मालकाने त्याला टोचण्यासाठी केली, हा प्रगतीचा एक नमुना म्हणायचा! स्वित्झर्लंडने असल्या पट्ट्यांवर कायद्याने बंदी घातली आहे. वेदनेने कुत्रा काही काळ ओढायचे थांबतो हे नाकारता येत नाही. पण ती वेदना तो ज्याच्याशी जोडतो ती गोष्ट बहुधा साखळी नसते. समोर दिसणारे मूल, सायकल किंवा दुसरा कुत्रा असतो. मूल दिसले की मान दुखते, असे ज्याच्या मनात पक्के झाले तो कुत्रा मुलाकडे पाहून शेपूट हलवील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

मग बलदंड कुत्रा पाळलेल्याने करावे तरी काय? येथे पुन्हा शेतकऱ्याकडेच जावे लागते. ज्या हार्नेसमध्ये साखळीची कडी पाठीवर नसून छातीवर, दोन्ही पुढच्या पायांच्या मध्यभागी असते, तो घ्यावा. कुत्रा पुढे झेपावला की ताण त्याच्या छातीवर बाजूने येतो आणि त्याचे अंग आपसूक मालकाकडे वळते. सरळ पुढे जोर लावायला त्याला जागाच राहत नाही. बळाशी बळाने झुंजण्याऐवजी त्याच्या बळाची दिशा बदलणे, हे यातले मर्म. गळ्यावर फास नाही आणि वेदनाही नाही. मात्र तो अंगाबरोबर बसलेला हवा. पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतकाच सैल; त्याहून ढिला असेल तर जिद्दी कुत्रा मागे सरकून त्यातून चक्क निसटतो. पुढून आडवा जाणारा पट्टा खांद्याच्या सांध्यावर येत असेल तर चाल बिघडते. म्हणून खांदे मोकळे ठेवणारी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी घडण पाहून घ्यावी. पावसाळ्यात भिजलेला नायलॉनचा पट्टा काखेत घासून कातडी सोलवटते, हे आपल्या कोकणपट्टीतल्या दमट हवेत विशेष ध्यानात ठेवायचे. तो फिरून आल्यावर काढून वाळवला पाहिजे, चोवीस तास अंगावर ठेवायचा नव्हे.

त्याहूनही दांडगा कुत्रा असेल आणि धरणारा अशक्त असेल, तर ‘हेड हॉल्टर’ म्हणून जे साधन मिळते, ते म्हणजे सरळ कुत्र्याची म्होरकीच. ब्रिटनमधील प्राणिमानसशास्त्रज्ञ रॉजर मगफर्ड यांनी १९८० च्या सुमारास ‘हॉल्टी’ या नावाने ती प्रचारात आणली. अमेरिकेतही त्याच दशकात रॉबर्ट अँडरसन या पशुवैद्यांनी रूथ फॉस्टर यांच्यासह तशीच एक म्होरकी तयार केली. घोड्याला जी गोष्ट शतकानुशतके लागू होती ती कुत्र्याला लावून पाहण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. डोके वळले की धड वळते. ही म्होरकी मुसके नव्हे; तिच्यात कुत्र्याला तोंड उघडता येते, धापा टाकता येतात, पाणी पिता येते. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा सोलापुरात हा फरक जिवाशी निगडित आहे, कारण कुत्रा घामाने नव्हे तर मुख्यतः धापांनीच अंग निववतो. पण ती एकाएकी चढवून रस्त्यावर काढले, तर कुत्रा पंजांनी नाक ओरबाडीत जमिनीवर लोळण घेतो. आठ-दहा दिवस घरात थोडा थोडा वेळ, खाऊच्या जोडीने, तिची सवय लावावी लागते. तिला हिसका म्हणून कधी द्यायचा नाही. धावत्या कुत्र्याची मान त्याने मुरगळेल. लांब दोरीला ती जोडणेही म्हणूनच वर्ज्य. पग किंवा बॉक्सरसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर ती बसतच नाही.

आपल्याकडचा कारवान कुत्रा हे आणखी एक निराळे प्रकरण. सोलापूर, सांगली भागात शिकारीसाठी पाळली जाणारी ही सडपातळ जात. त्याचे डोके मानेहून निमुळते असल्याने साधा पट्टा मागे सरकताच निघून येतो. अशा कुत्र्यासाठी ‘मार्टिंगेल’ या नावाचा, ठराविक मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद पट्टा असतो. तो ओढण्यावरचा उपाय नसून निसटण्यावरचा आहे. दोन्हींची गल्लत करू नये. आणि ज्या दोरीच्या डबीतून ती लांबते-आखडते, त्या स्प्रिंगच्या साखळीबद्दल न बोललेलेच बरे. तिच्यात ताण कायम असतो. ओढले की दोरी वाढते, हे ती कुत्र्याला दिवसातून दोनदा पढवते.

‘पढवते’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. बी. एड्. झालेल्या प्रत्येक शिक्षकाने थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम घोकलेला असतो: ज्या कृतीचा शेवट समाधानात होतो ती दृढ होते. थॉर्नडाइकने तो मांजरांना पेटीत कोंडून शोधला. लॅब्रॅडॉर तो रोज सकाळी रस्त्यावर सिद्ध करतो. दिव्याच्या खांबापाशी एक मोहक वास आहे. कुत्रा ओढतो, नोकर फरफटतो, खांब येतो, वास मिळतो. ओढण्याचे बक्षीस हाती पडले. असे तीनशे पासष्ट दिवस आणि दिवसातून दोन वेळा! एवढी नियमित उजळणी कोणत्या शाळेत होते? कुत्रा अवज्ञा करीत नाही. त्याला जे शिकवले गेले ते तो चोख म्हणून दाखवतो. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण ज्यांनी रूढ केली त्यांनी नळीकडे फारसे पाहिले नसावे.

म्हणून कोणताही साज आणला तरी त्याच्या जोडीला एक साधा नेम चालवावा लागतो. साखळी ताणली की पाय थांबले पाहिजेत. सैल झाली की पुढे पडले पाहिजेत. कुत्रा पायाशी असताना तोंडात एखादा चण्याएवढा खाऊ. तो पुढे पळालाच तर न ओरडता, न हिसकता आपणच दिशा बदलायची. पहिल्या दिवशी इमारतीच्या फाटकापर्यंत पोहोचायला वीस मिनिटे लागतील आणि शेजारी गॅलरीतून मजा पाहतील. आठवड्यानंतर निम्मी लागतील. त्यात खंड मात्र चालत नाही. सकाळी मालकाने ताण नाकारायचा आणि संध्याकाळी मुलाने किंवा नोकराने घाईत ओढू द्यायचे, तर कुत्रा शिकेल ते एवढेच की माणसे लहरी असतात. बलदंड जातीचे पिलू तीन महिन्यांचे असताना हे शिकवणे सोपे. दोन वर्षांचे चाळीस किलोचे धूड झाल्यावर छातीवरची कडी किंवा म्होरकी यांच्या आधाराशिवाय ते सुरूच करता येत नाही. साधनाचे काम एवढेच. ते शिकवीत नाही. शिकवण होईपर्यंत माणसाला उभे ठेवते.

आणि माणूस उभा राहणे ही गोष्ट लहान नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २००१ ते २०२० या वीस वर्षांत कुत्र्याला साखळीने फिरवताना जखमी होऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या प्रौढांची संख्या सुमारे ४,२२,००० भरली. त्यांत चारांपैकी तिघी स्त्रिया होत्या. बोटाचे हाड मोडणे, मेंदूला मार लागणे आणि खांदा लचकणे या दुखापती सर्वांत अधिक. साखळीचे वेढे मनगटाला किंवा बोटांना घेऊ नयेत, हा सल्ला या आकड्यांवरून किती मोलाचा आहे ते समजेल. आपल्याकडे अशी मोजदाद कोण ठेवणार? खांदा निखळलेला नोकर आठ दिवस गैरहजर राहिला, एवढीच काय ती नोंद होते. ती पगारातून वजा होते.

सरकारने या प्रश्नाकडे पाहिले नाही असे नाही. पण पाहिले ते भलतीकडून. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने रॉटवायलरसह तेवीस जातींच्या कुत्र्यांना बंदी करण्याचे पत्र राज्यांना धाडले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द ठरवले. जात वाईट की चांगली, यावर त्या दोन महिन्यांत भरपूर शाई खर्ची पडली. ती कोणत्या दोरीने, कोणाच्या हातून आणि काय शिकवून रस्त्यावर काढावी, यावर फारच थोडी. वास्तविक १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने प्राण्याला दीर्घ काळ बांधून ठेवणे हा त्यात गुन्हा आहे आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हा आहे. दिवसभर गॅलरीत बांधलेला कुत्रा सकाळी सुटताच वेड्यासारखा ओढतो, त्याचे मूळ पुष्कळदा या दुसऱ्या गुन्ह्यात असते. पण पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्याने ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्या पैशांत आज एक बरी दोरीही येत नाही.

रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली तर दुसरा कायदा पुढे येतो. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यातला ‘ताबा’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. कुत्रा विकत घेतला एकाने, महानगरपालिकेचा परवाना त्याच्या नावावर, काटेरी पट्टा निवडला त्याने. पण अपघात झाला त्या घटकेला साखळी होती ती दुसऱ्याच्याच मुठीत. ताबा कोणाचा, हा वाद पोलीस ठाण्यात निघालाच, तर दोघांपैकी कोणाचा आवाज अधिक मोठा असेल, हे सांगण्यास कायदेपंडिताची गरज नाही.

मालक पट्टा घ्यायला दुकानात जातो तेव्हा मापासाठी कुत्र्याला बरोबर नेतो. त्या पट्ट्याचे दुसरे टोक ज्याच्या हाती जायचे त्याला मात्र तो घरीच ठेवतो. छातीवरची कडी कोणती आणि पाठीवरची कोणती, म्होरकी कशी बसवायची, ताण आला की जागच्या जागी उभे राहायचे आणि त्यामुळे परतायला उशीर झाला तर कोणी बोलणार नाही, हे त्याला कोणी तरी एका सकाळी, खाली उतरून, सोबत चालून सांगायला हवे.